ऊन गच्चीवर, अंधार घरात

आमच्या धाराशिवात उन्हाची टंचाई कधी पडली नाही. पाण्याची पडते, कामाची पडते. म्हणून तर इथली मुले शिकून पुण्या-मुंबईला जातात आणि त्यांतली काही तिथूनही पुढे समुद्रापार जातात. बालाघाटाच्या पठारावरच्या या जिल्ह्याला पाऊस देताना हात आखडता घेतला गेला, पण सूर्यनारायणाने कंजुषी केली नाही. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो याच उन्हाच्या भरवशावर. तेव्हा परदेशी गेलेल्या मुलाला गावाकडच्या घरासाठी काही करावेसे वाटले, की हल्ली त्याला पहिली आठवण होते ती सोलरची!

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. मुलगा जर्मनीत इंजिनिअर. घरात गुरुजी आणि काकू, दोघेच. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली, तेव्हा मुलाने तिकडूनच मनावर घेतले. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये, असे या योजनेतले अनुदान. गुरुजींच्या गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेल बसवायचे ठरले.

पहिली अडचण आली ती कागदाची. वीजजोड ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा. आणि मीटर होते गुरुजींच्या कैलासवासी वडिलांच्या नावावर! बिल दरमहा त्यांच्याच नावाने येई आणि गुरुजी ते भक्तिभावाने भरीत. नाव बदलून घेण्यात काही आठवडे गेले. ज्या वाचकांचे वाडवडिलांचे घर गावाकडे आहे, त्यांनी आजच बिलावरचे नाव वाचून पाहावे. पुष्कळ घरांत आजोबा अजून ग्राहक आहेत.

पॅनेल बसली. एक किलोवॅटचे सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास. दोन म्हाताऱ्या माणसांना इतकी वीज लागते कुठे? उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारेवर जाते आणि बिलात वळती होते. गुरुजींचे बिल जवळजवळ नाहीसे झाले. ते कागद हातात घेऊन अंगणात बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत.

पुढच्या एप्रिलात एका दुपारी एक वाजता गल्लीतली वीज गेली. गुरुजी घाम पुसत आमच्या कुंपणाशी आले.

"सर, वर ऊन रणरणतंय आणि माझा पंखा बंद! हा कुठला न्याय?"

मी मराठी शिकवणारा. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.

"दादा, ते तसंच असतं," मुलगा म्हणाला. "लाइट गेली की सोलरही बंद होतं."

"अरे, मग एवढे पैसे कशाला घातलेस?"

मुलगा कामावर होता. संध्याकाळी सांगतो म्हणाला. पण गुरुजींना संध्याकाळपर्यंत धीर नव्हता. शेवटी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना बोलावून आणले, आणि त्यांनी ओट्यावर बसून आम्हा दोघांची शिकवणी घेतली.

पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. घरातले पंखे-दिवे चालतात एसीवर. हे रूपांतर करतो तो इन्व्हर्टर. साध्या, बॅटरी नसलेल्या जोडणीत हा इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतल्या विजेच्या तालावर चालतो. बाहेरची वीज गेली, की तो क्षणात स्वतःला बंद करतो. हा त्याचा दोष नव्हे. तसाच तो मुद्दाम घडवलेला आहे.

"का म्हणून?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, वीज गेली की वायरमन खांबावर चढतो. तार मेली आहे असे समजून तिला हात घालतो. त्या वेळी तुमच्या गच्चीवरची वीज उलटी त्या तारेत गेली तर?"

गुरुजी गप्प झाले. त्यांचे बरेच विद्यार्थी आज लाइनीवर काम करतात. मग हलकेच म्हणाले, "मग बंद असू द्या पंखा."

वीज गेल्यावरही पंखा हवाच असेल, तर उपाय आहे : बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर. तो आधी घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मगच निवडक दिवे-पंखे चालवतो. खर्च अर्थातच वाढतो. घरात आजारी माणूस असेल तर तो करावा. नसेल तर पंखे-दिव्यांपुरती साधी इन्व्हर्टर-बॅटरी पुरते. मात्र जनरेटर आणून त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा उद्योग कोणी करू नये. त्याने खांबावरच्या माणसाचा जीव जातो.

इथवर सारे हसण्यावारी गेले होते. मे महिन्यात मात्र हसू मावळले.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर हा घरातला एक माणूसच असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजावे लागते. काकू कूलर चालू ठेवूनच पाइपने पाणी भरीत होत्या. ओली फरशी, ओले हात. पत्र्याला हात लागला आणि त्या किंचाळून मागे फेकल्या गेल्या. मागे पडल्या म्हणून वाचल्या. विजेचा प्रवाह थोडा वाढला, की हाताचे स्नायू आवळून धरतात आणि मनात असूनही मूठ सुटत नाही.

इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोके होती, पण वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. घर बांधले तेव्हाची अर्थिंगची तार कधीच गंजून तुटली होती. गंमत अशी, की सोलरसाठी अंगणात तीन नवे खड्डे खणलेले होते : एक डीसी बाजूचे अर्थिंग, एक एसीचे, एक पडणारी वीज जमिनीत नेण्यासाठी बसवलेल्या तारेचे. गच्चीवरच्या काचांची अशी बडदास्त, आणि खालची माणसे उघडी!

जूनमध्ये मुलगा सुटी काढून आला. येताना आईसाठी पाणी उकळायची किटली घेऊन आला. जर्मनीतही वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. त्यामुळे ती इथे जळत नाही. अमेरिकेतली १२० व्होल्टची वस्तू आपल्या सॉकेटात लावली तर मात्र बहुधा लागलीच धूर निघतो. पण जर्मन प्लगला दोनच गोल पिना. त्याचे अर्थिंग कडेच्या पट्ट्यांतून जोडले जाते. आपल्या सॉकेटात त्या पिना कशाबशा बसतात, पाणीही उकळते, पण अर्थिंग जुळतच नाही. त्याच्या वडिलांनी ती किटली हातात घेतली, प्लग उलटापालटा करून पाहिला आणि काकूंच्या कूलरची हकीकत सांगितली. तोवर कोणी त्याला ती कळवली नव्हती. परदेशातल्या मुलांना घरची अर्धी बातमी अशीच उशिरा कळते.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मी तिकडून गच्ची बघितली. भिंतीतल्या तारा बघितल्याच नाहीत."

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले. घरासाठी वेगळे अर्थिंग केले. आमची जमीन मुरमाड आणि उन्हाळ्यात कोरडीठाक. कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत जात नाही. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचे ठरले. मेन बोर्डात आरसीसीबी बसवला. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरच्या आसपास तूट दिसली, की ती कोणाच्या अंगातून जात असेल असे समजून निमिषात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे.

आणखी काही गोष्टी मुलाने कागदावर लिहून भिंतीला लावल्या. मेन बंद केला तरी उजेड असेतोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत दोनशे-तीनशे व्होल्टांची वीज असते. आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले तर तिकडे जायचे नाही, १९१२ वर फोन करायचा. पॅनेल पहाटे, काच थंड असताना धुवायची, आणि तीही गड्याकडून. गुरुजींनी शिडी चढायची नाही. घराला कुलूप लावून मेन खाली पाडला, तर पुष्कळ घरांत सोलरही बंद पडते, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला विचारायचे. कागदाची एक प्रत त्याने आमच्या घरी दिली, किल्लीसकट.

गुरुजींनी बटणाचे काम व्रतासारखे घेतले आहे. महिन्याच्या एक तारखेला सकाळी घरातले दिवे क्षणभर जातात, तेव्हा काकू आतून म्हणतात, "झाली का तुमची पूजा?" यंदा आकाशकंदील लावण्यापूर्वी त्यांनी जुन्या दिव्यांच्या माळेचे सगळे जोड तपासले, पट्टी गुंडाळलेली माळ सरळ कचऱ्यात टाकली आणि मला हाक मारली, "सर, तुमची माळ घेऊन या. तीही बघू."

आमच्या माळेतही दोन ठिकाणी तांबे उघडे निघाले.