वेगवान रस्त्याचे गावांना देणे

जर्मनीच्या आउटोबानविषयी दोन समजुती आपल्याकडे पक्क्या आहेत. तो हिटलरने सुरू केला आणि तिथे वेगाला मर्यादा नाही. कोलोन ते बॉन हा रस्ता कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी ६ ऑगस्ट १९३२ रोजी खुला केला, तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला नव्हता. वेगमर्यादाही अनेक टप्प्यांवर आहे. जिथे नाही तिथे ताशी १३० किलोमीटरचा सल्ला आहे. मला मात्र या रस्त्यांचे वर्षानुवर्षे कुतूहल वाटत आले ते कडेच्या तपकिरी फलकांमुळे. १९८४ मध्ये ए-८ मार्गावर ‘बुर्ग टेक’ या डोंगरी किल्ल्याचा असा फलक लागला आणि तिथून ही प्रथा रुजली. पुढे देशभर किल्ले, मठ, जुनी शहरे, खाणी यांची नावे आणि रेखाचित्रे महामार्गाच्या कडेला आली. गाडी थांबो न थांबो, आपण कोणाच्या मुलखातून चाललो आहोत हे प्रवाशाला कळते.

ही शोभेची बाब नाही. जुना रस्ता गावातून जाई, एसटी थांबे, नाव आपोआप कानावर पडे. कुंपण घातलेला द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालतो आणि ठरावीक इंटरचेंजखेरीज कुठे उतरू देत नाही. ज्या गावाची जमीन घेतली, ते गाव प्रवाशाच्या लेखी उरतच नाही. म्हणून अशा रस्त्याने निदान गावाची ओळख तरी सांगावी, हे त्याच्यावरचे देणे आहे. समृद्धी महामार्गाला हे अधिकच लागू पडते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. अहिल्यानगर जिल्ह्यात तो फक्त कोपरगाव तालुक्याला स्पर्श करतो आणि गोदावरी ओलांडतो. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तालुका मागे पडायला पाव तास पुरतो.

त्या पाव तासात काय मागे पडते? कोकमठाणचे विटांच्या शिखराचे प्राचीन शिवमंदिर, ज्याची दखल पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात घेतली. कच-देवयानीच्या कथेशी जोडलेले शुक्राचार्यांचे कोपरगाव बेट. आणि रघुनाथराव ऊर्फ राघोबा पेशवे. १७५८ च्या मोहिमेत ज्याच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्याला १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा २५ हजारांचा तनखा देऊन बाजूला केले. त्याने राहायला कोपरगाव निवडले आणि १७८३ च्या डिसेंबरात तिथेच देह ठेवला. जवळच्या हिंगणी गावात त्याचा अपुरा राहिलेला वाडा आहे. पुतण्या नारायणराव पेशव्याच्या खुनाच्या ठपक्यामुळे मराठी मनाने राघोबाला नजरेआड केले. त्याचा शेवट कुठे झाला हे शिर्डीला जाणाऱ्या हजारोंना ठाऊक नसते.

कोपरगावच्या नावाशी जोडलेली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद मात्र राघोबानंतरची आहे. इंग्रजी अमदानीतले जिल्हा गॅझेटियर सांगतात, की १८०३-०४ च्या दुष्काळानंतर भिल्लांचे उठाव वाढले, तेव्हा पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने त्यांना बोलणीच्या मिषाने कोपरगावी बोलावले आणि विश्वासघाताने त्यांचा संहार करून त्यांना विहिरींत टाकले. या नोंदी इंग्रज अधिकाऱ्यांनी केल्या, पेशवाईची बदनामी त्यांच्या सोयीची होती, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच मोडी दफ्तरांतून हे प्रकरण पुन्हा तपासले पाहिजे. पण साक्षीदार पक्षपाती म्हणून मेलेल्यांची चौकशीच सोडून द्यावी, हा न्याय नव्हे.

अशा आठवणींची पाटी महामार्गावर कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर पुन्हा जर्मनीतच सापडते. ए-२ मार्गावर मारीनबोर्न येथे १९९० पर्यंत दोन जर्मनींच्या सीमेवरचे तपासणी नाके होते. ते पाडले नाही. १९९६ पासून ते स्मारक म्हणून खुले आहे आणि प्रवासी महामार्गावरून थेट तिथे वळू शकतो. फक्त किल्ले आणि द्राक्षमळे मिरवणारा रस्ता जाहिरात करतो. दुखरी जागा दाखवणारा रस्ता इतिहास सांगतो. फलकांनी चालकाचे लक्ष विचलित होईल, ही भीती व्यापारी जाहिरातफलकांबाबत खरी आहे. एक नाव, एक रेखाचित्र, इंटरचेंजच्या पुरेसे आधी, एवढ्याने तसे होत नाही. शिर्डीचे नाव पुरेसे आहे, असेही कोणी म्हणेल. पण साईबाबांच्या दर्शनाला निघालेल्याला पाटीची गरजच नसते. पाटी लागते ती न मागता सांगायच्या गोष्टीसाठी.

तेव्हा मागणी साधी आहे. रस्ते विकास महामंडळाने कोपरगाव तालुक्यातल्या शिर्डी इंटरचेंजच्या दोन्ही बाजूंना तपकिरी फलक लावावेत: कोकमठाणचे मंदिर, कोपरगाव बेट, राघोबाचे हिंगणी. इतिहास संशोधकांनी आणि आदिवासी संघटनांनी मिळून कागद तपासावेत, जागा निश्चित करावी, आणि मग भिल्लांच्या संहाराचा चौथा फलक लावावा. या चौथ्या फलकाला वेळ लागेल, वादही होतील. ते वाद कोपरगावातच, उघडपणे आणि कागद समोर ठेवून व्हावेत.