सोन्याखालचा चीक

फुटलेली बशी किंवा वाडगा सोन्याने सांधायची जपानी कला म्हणजे किन्त्सुगी. छायाचित्रात सोन्याची रेघ तेवढी उठून दिसते. पण तुकडे धरून ठेवतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. ही कला शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ या चिकाचा स्वभाव ओळखण्यात जातो आणि माझ्या मते खरी विद्या तीच आहे.

उरुशीचं झाड आपल्या आंबा, काजू, बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. ओल्या उरुशीनेही तशीच आग होते, फोड येतात. दोन्हींतली दाहक द्रव्यं एकाच जातीची. साधारण दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला चिरा पाडल्या, तर हंगामभरात जेमतेम २०० मिलिलिटर चीक मिळतो.

पाण्यात कालवलेल्या गव्हाच्या पिठात कच्चा चीक घालून तार सुटेपर्यंत घोटतात. तो तुकड्यांच्या दोन्ही कडांना अगदी पातळ लावायचा, तुकडे जुळवायचे आणि वाडगा ओलं फडकं घातलेल्या बंद पेटीत ठेवून द्यायचा. ओलं फडकं कशाला? कारण उरुशी रंगासारखी नुसती सुकत नाही. चिकात लॅकेज नावाचं तांबेयुक्त विकर असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने चिकातल्या उरुशिऑल या दाहक द्रव्याचे रेणू एकमेकांत गुंफतं आणि त्यांचं घट्ट जाळं तयार होतं. या विकराला २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत चीक चिकटच राहतो. या विकराचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये याच चिकातून लावला.

सांधा पक्का व्हायला आठवडा तरी लागतो. मग टवके बारीक मातीत कालवलेल्या उरुशीने भरायचे, घासायचे, पुन्हा भरायचे. शेवटी उरुशीची बारीक रेघ ओढतात आणि ती अर्धवट ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात. क्षण चुकला, तर पूड चिकात बुडते किंवा धरतच नाही.

बाजारात ‘किन्त्सुगी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक संचांत इपॉक्सी आणि सोनेरी रंगाची पूड असते. शोभेच्या वस्तूला ती चालेल. चहाच्या पेल्याला मात्र वापरू नका. खरी उरुशी घेतलीत, तर हातमोजे घाला. बिब्बा किंवा आंब्याचा चीक बाधत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.