सूत कुणाचं, माग कुणाचा?
लढाऊ विमानांच्या धंद्याचा ओझर-नागपूर-पुण्याच्या वाटेने एक आढावा

भिवंडीत लढाऊ विमानं बनत नाहीत. इथे कापड विणलं जातं आणि उरलेल्या जागेत गोदामं उभी राहतात. पण मानकोली नाक्यावरून जो मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढतो, तो नाशिक ओलांडून ओझरला पोचतो. तिथल्या वसाहतीला आजही लोक ‘ओझर मिग’च म्हणतात. भारतात बनलेली शेकडो लढाऊ विमानं तिथून उडाली. संरक्षण खरेदीवर आपल्याकडे बोललं जातं ते दिल्ली, पॅरिस आणि मॉस्कोच्या नावाने. त्या खरेदीचा मराठी मुलखातला हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

तो मांडायला भिवंडीकराला अर्थशास्त्राचं पुस्तक लागत नाही. इथला मागवाला बहुतेक वेळा मजुरीवर विणतो. शेठ सूत देतो, कापडाची जात शेठ ठरवतो आणि तयार ग्रे कापड त्याच्याच टेम्पोतून जातं. माग, शेड, विजेचं बिल आणि कारागीर मागवाल्याचे. त्याच्या हाती पडते ती मीटरमागची मजुरी. त्याच्या हाताला कसब असतं, पण कापडावर हक्क नसतो. भारतातल्या लढाऊ विमानांची साठ वर्षं या व्यवहाराहून फार निराळी नाहीत.

मिगचं गाव

ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१चा करार केला. पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१०४ स्टारफायटर विमानं मिळाली होती आणि आपल्याला तोडीस तोड काहीतरी हवं होतं. सोव्हिएतांनी नुसती विमानं दिली नाहीत, ती इथे बनवायचा परवानाही देऊ केला. पश्चिमेकडून या तोडीचं विमान अशा अटींवर मिळत नव्हतं. पुढच्या सहा दशकांची दिशा त्या परवान्याने ठरवली.

त्याच वर्षी चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दोन सरकारी कंपन्या एकत्र येऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल उभी राहिली. कारखाना यशवंतरावांमुळेच आला, असं नाशिककर अभिमानाने सांगतात. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात धावपट्टी, शाळा, वसाहत आणि फिटर-टर्नरांची एक अख्खी पिढी उभी राहिली, हे तर डोळ्यांसमोरच आहे.

एचएएलने साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बनवली. मग मिग-२७ आलं. मिग-२१ तेच ठेवून त्याचेही नवे अवतार निघत राहिले. ते पूर्ण बदलायचं तर स्वतःचं विमान लागणार होतं आणि त्याला वेळ लागला. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झालं आणि तेजस नावाच्या या विमानाची पहिली तुकडी (स्क्वाड्रन) उभी राहिली ती १ जुलै २०१६ रोजी. मधल्या काळात जुन्या मिगांवर नवे वैमानिक शिकत राहिले. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडा दिला: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक दगावले. मिग-२१ला निरोप मिळाला तो २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगडला. त्या दिवशी हवाई दलाकडे मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या.

सुखोईची मजुरी

१९९६ मध्ये सुखोई-३०चा करार झाला आणि २००० अखेर १४० विमानं भारतात बनवायचा परवाना मिळाला. पुढे ऑर्डर वाढत गेल्या आणि ओझरच्या वाट्याला दोनशेवर विमानं आली. काम टप्प्याटप्प्याने शिकायचं होतं. आधी रशियातून आलेले मोठे भाग जोडायचे, मग सुट्या भागांचे संच आणि शेवटी कच्च्या मालापासून बनवायचं. ओझरच्या कामगारांनी तेही करून दाखवलं. पण त्या शेवटच्या टप्प्यातही धातूचे पत्रे, ओतीव आणि घडीव भाग मोठ्या प्रमाणात रशियाकडूनच घ्यावे लागत. ओझरचं सुखोई रशियातून तयार आलेल्या विमानापेक्षा महाग पडलं. सूत शेठचंच असेल तर कापड स्वस्त होईल कसं?

तरी हातातलं कसब वाया गेलं नाही. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाशी बांधून सुखोई पहिल्यांदा उडालं ते नाशिकमध्येच. एवढं जड क्षेपणास्त्र पेलायला विमानाच्या सांगाड्यात बदल करावे लागले आणि ते इथे झाले. आज विमानांची मोठी दुरुस्ती हे ओझरचं महत्त्वाचं काम आहे. त्यातली जोखीमही खरी आहे. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेची मतमोजणी टीव्हीवर चालू असताना, निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शेतात चाचणी उड्डाणावरचं सुखोई कोसळलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले म्हणून वाचले. निकालाच्या गदारोळात राज्यात ही बातमी दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकली नाही.

खरी अडचण होती ती कामाच्या तुटीची. सुखोईंची ऑर्डर संपत आली तेव्हा पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला, पण मधली काही वर्षं कोरडी गेली. माग बंद पडला की भिवंडीतला कारागीर गावची गाडी पकडतो आणि परतेलच याची खात्री नसते. विमानाच्या कारखान्यात निवृत्त झालेल्या रिव्हेटरच्या जागी तसाच दुसरा तयार व्हायला वर्षं जातात.

भांडण कशावर?

कामाच्या सातत्याच्या याच प्रश्नावर आपलं खरेदीचं राजकारण चुकतं. १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफा घेतल्या. १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि सरकार हादरलं. तोफ कारगिलमध्ये उत्तम चालली, पण बोफोर्सच्या धसक्याने पुढे तीसेक वर्षं नवी मोठी तोफ सैन्यात आली नाही. सही केली तर चौकशी लागते, फाइल दाबून ठेवली तर कुणी जाब विचारत नाही, हा धडा सगळ्या खात्यांनी गिरवला.

राफेलची गोष्ट त्याच वळणाने गेली. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली. १८ तयार यायची आणि १०८ एचएएलने बनवायची होती. २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं. मग किंमत आणि भारतात बनणाऱ्या विमानांची हमी कुणी घ्यायची, यावर घोडं अडलं. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमानांची घोषणा केली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या काळात ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. पुढे दोन वर्षं देश किंमत आणि ऑफसेटच्या, म्हणजे सौद्याच्या बदल्यात विक्रेत्याने भारतात द्यायच्या कामाच्या, भागीदारावर भांडला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये याचिका फेटाळल्या, तर कॅगने नवा सौदा जुन्यापेक्षा २.८६ टक्के स्वस्त असल्याचं सांगितलं. किंमत विचारायलाच हवी होती. पण गरज १२६ची असताना ३६च आली, तर उरलेली ९० कुठून येणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत मागेच राहिला.

ऑफसेटमधून नागपूरच्या मिहानमध्ये राफेल बनवणाऱ्या दसॉचा आणि रिलायन्सचा कारखाना आला. त्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. तिथे फाल्कन या व्यावसायिक जेटचे भाग बनतात आणि २०२५ मध्ये पूर्ण फाल्कन २००० तिथे जोडण्याची घोषणा झाली. नागपूरला रोजगार मिळाला, हे चांगलंच. पण लढाऊ विमानाच्या सौद्यातून हाती आलं ते उद्योगपतींच्या जेटचं काम.

राज्यातलं भांडण तर पत्त्यावरून होतं. सी-२९५ या वाहतूक विमानांचा टाटा-एअरबस प्रकल्प नागपूरला येणार असं इथले मंत्री सांगत असतानाच ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी वडोदऱ्याला झाली. तोंडचा घास पळवला म्हणून आपण आठवडाभर टाहो फोडला. त्याच वेळी ओझरची शेड पुढच्या कामाची वाट पाहत होती. तिच्यासाठी मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

तेजस आणि त्याचं इंजिन

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, ओझरला तेजसची तिसरी उत्पादन लाइन सुरू झाली आणि नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्री राजनाथ सिंहांसमोर उडालं. या लाइनची क्षमता वर्षाला आठ विमानं आहे. २०२१ चा ८३ विमानांचा करार हाताशी होताच, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. ओझरमध्ये पहिल्यांदाच आपल्या आराखड्याचं लढाऊ विमान बनू लागलं. मजुरीवरच्या मागाने अखेर स्वतःची जात विणायला घेतली.

पण इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं, एफ-४०४. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर गेली आणि त्यातलं पहिलं मिळालं मार्च २०२५ मध्ये. इंजिनाविना सांगाडे उभे राहिले. विमानं वेळेवर येत नाहीत म्हणून हवाई दलप्रमुखांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपलं कावेरी इंजिन १९८९ पासून बनतंय, पण २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करावं लागलं. जेट इंजिनाच्या पात्याला ज्या उष्णतेत फिरावं लागतं, तिथे साधा धातू वितळेल. ती पाती बनवण्याची विद्या जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे आणि ती कुणी परवान्यावर सहज देत नाही.

विकायला काय आहे?

२०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपये होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली आणि त्यात १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे. आकडा मोठा आहे, पण त्याच्या पोटात पाहायला हवं. बराच भाग परदेशी कंपन्यांना जाणाऱ्या सुट्या भागांचा आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेनुसार २०२०-२४ या काळात युक्रेननंतर जगात सर्वाधिक शस्त्रं आयात करणारा देश भारतच होता. त्या आयातीत रशियाचा वाटा ३६ टक्के आणि फ्रान्सचा ३३. शेठ बदलले, एवढंच.

पूर्ण शस्त्र विकलं गेलं ते जिथे आराखडा आपला किंवा निम्मा आपला होता तिथे. फिलिपाइन्सने २०२२ मध्ये ब्रह्मोस घेतलं. आर्मेनियाने घेतलेल्या पिनाका रॉकेट प्रणालीचा आराखडा पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई प्रयोगशाळेचा. अटॅग्स ही तोफही तिथलीच. मार्च २०२५ मध्ये ३०७ अटॅग्सचा करार झाला आणि मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जला मिळाला. निर्यातीबरोबर जबाबदारीही येते. युरोपला विकलेले भारतीय तोफगोळे युक्रेनमध्ये पोचल्याचं वृत्त रॉयटर्सने २०२४ मध्ये दिलं. परराष्ट्र मंत्रालयाने ते फेटाळलं. पण माल शेवटी कुठे फुटतो, हे विचारणं आता आपल्यालाही चुकणार नाही.

तेजसचं काय? २०२५ संपेपर्यंत एकही विकलं गेलं नव्हतं. अर्जेंटिनाला रस होता, पण तेजसमधलं वैमानिकाचं आसन ब्रिटिश आणि फॉकलंडच्या युद्धामुळे ब्रिटन ते अर्जेंटिनाला जाऊ देईना. अर्जेंटिनाने डेन्मार्कची जुनी एफ-१६ घेतली. मलेशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तेजसऐवजी दक्षिण कोरियाची १८ एफए-५० निवडली. गंमत अशी की त्यांच्यातही तेच अमेरिकन एफ-४०४ इंजिन आहे. म्हणजे परक्या इंजिनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. कोरियाने आपल्या हवाई दलासाठी ती विमानं आधीच भरपूर बनवली होती आणि वेळेवर देण्याची तिची पत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर गिऱ्हाईक आधी एकच गोष्ट पाहतं: या देशाचं स्वतःचं हवाई दल हे विमान किती घेतं आणि किती उडवतं.

म्हणून सूत आपलं हवं, यात शंका नाही. कावेरीवर आणि नव्या इंजिनावर पैसा खर्च व्हायलाच हवा. पण त्याआधीचं काम साधं आहे. मागाला सतत काम द्यायचं. ओझरच्या लाइनला वर्षाला आठ विमानांची ऑर्डर पुढची वीस वर्षं सलग राहिली, तर नाशिकच्या सातपूर-अंबडचा लहान कारखानदार नवं यंत्र घ्यायला कर्ज काढेल, आयटीआयचा मुलगा पुण्याला न जाता ओझरला थांबेल आणि आठवं विमान पहिल्यापेक्षा स्वस्त निघेल. दर पाच वर्षांनी ऑर्डरचा ढीग आणि मधे दुष्काळ, असं चालू राहिलं तर परदेशी गिऱ्हाईक कोरियालाच जाईल. प्रकल्प आपल्या राज्यात आला की परराज्यात गेला, हे खासदाराला विचारून झालं असेल, तर आता ओझरच्या लाइनवर २०३२ सालची ऑर्डर आहे का, हे विचारावं. त्याचं उत्तर त्याला द्यावं लागलं, तर निर्यातीच्या आकड्यांची जाहिरात करायची गरज उरणार नाही.