चौथी अवस्था आणि आपली कर्मशाळा

पदार्थाच्या अवस्था किती, असे विचारल्यास शाळकरी विद्यार्थी ‘तीन’ असे उत्तर देतो. पृथ्वीवरील नित्याच्या व्यवहारापुरते ते पुरेसेही आहे. परंतु सूर्य व तारे ज्या द्रव्याचे बनलेले आहेत, ते घन, द्रव वा वायू यांपैकी कशातच बसत नाही. प्रचंड उष्णतेमुळे तेथे अणूंपासून इलेक्ट्रॉन विलग झालेले असतात. हीच प्लाझ्मा नावाची चौथी अवस्था. आणि विश्वातील दृश्य द्रव्याचा फार मोठा भाग याच अवस्थेत आहे.

असे द्रव्य क्षणमात्र का होईना, प्रयोगशाळेत निर्माण करण्याचे काम मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. तेथील लेसरची शक्ती १०० टेरावॅटच्या, म्हणजे १०० लाख कोटी वॉटच्या घरातील. आकडा छाती दडपणारा खरा. पण एका स्पंदातील ऊर्जा मोजली, तर ती एक किलोचे वजन फूटभर उचलण्यास लागते तेवढीच भरते. सारे सामर्थ्य आहे ते वेळेच्या काटकसरीत. ही ऊर्जा सुमारे ३० फेम्टोसेकंदांत सोडली जाते. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशही तेवढ्या अवधीत केसाची जाडी ओलांडू शकत नाही.

इतका तीव्र स्पंद वाढविताना वर्धक स्फटिकच भाजून निघे. जोतिबाच्या यात्रेची गर्दी अरुंद पुलावरून रांगेने न्यावी आणि पलीकडे पुन्हा एकत्र करावी, तसा उपाय डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ साली योजला: स्पंद आधी लांबवायचा, मग वाढवायचा आणि शेवटी आवळायचा. २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज याच युक्तीवर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया होतात. ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे ठरावे.

मुंबईतील प्रयोगांत पहिला स्पंद लक्ष्यावर प्लाझ्मा घडवितो आणि मागाहून पाठविलेला दुसरा, क्षीण स्पंद त्याचे जणू छायाचित्र घेतो. दोहोंमधील अंतर बदलत गेले की चित्रांची मालिका तयार होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे अर्धा गॉस. या प्लाझ्मात ते कोट्यवधी गॉसवर जाते आणि त्यात खळबळ माजते. अशा खळबळीचा निर्विवाद पुरावा दिल्याबद्दल प्रा. कुमार यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार देण्यात आला.

क्षण पकडणारे यंत्र ही गोष्ट कोल्हापूरला परकी नाही. बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ चित्रित केला आणि १९२० साली तो पडद्यावर आला. परदेशातून यंत्र येईपर्यंत ते थांबले नाहीत. लेसरच्या प्रयोगालाही निर्वात कक्ष लागतो, आरसे रेसभरही न हलू देणारे आधार लागतात, कसबी हात लागतात. असे हात आपल्या उद्यमनगरात आहेत आणि जिज्ञासू विद्यार्थी शिवाजी विद्यापीठात आहेत. उणीव आहे ती दोघांच्या भेटीची. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने वर्षातून एक तरी उपकरण कर्मशाळेत बसून स्वतः घडवावे, असा नियम का असू नये? कपाटातील उपकरणे पाहून प्रयोगवहीत ठरीव उत्तरे उतरविणाऱ्या मुलांकडून नव्या प्रश्नांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

उद्या वर्गात एखाद्याने ‘तीन’ असे उत्तर दिले, तर गुरुजनांनी ते चूक म्हणून खोडू नये, ‘आणखी?’ असे मात्र अवश्य विचारावे.