आयनद्रायूच्या कडेचे चुंबकीय नियंत्रण

आयनद्रायूच्या कडेचे चुंबकीय नियंत्रण : अणुकेंद्रीय संघटनासाठी (हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनण्याच्या क्रियेसाठी) तापविलेल्या आयनद्रायूच्या (आयन व इलेक्ट्रॉन यांच्या विद्युत् दृष्ट्या जवळजवळ उदासीन मिश्रणाच्या, प्लाझ्माच्या) कडेला वारंवार होणारे उद्रेक अल्प चुंबकीय क्षेत्राने रोखण्याची वा सौम्य करण्याची पद्धती. तोकामाक या कंकणाकृती साधनात तिचा उपयोग करतात.

जिनीव्हा येथील १९५५ च्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी संघटन ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले होते. ते त्या मुदतीत खरे ठरले नाही. आयनद्रायूची अस्थिरता हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

उद्रेकांचे स्वरूप : जर्मनीतील गार्चिंग येथे १९८२ मध्ये फ्रिट्‌स व्हाग्नर यांना असे आढळले की, तापनशक्ती विशिष्ट मर्यादेपलीकडे वाढविल्यास आयनद्रायूच्या कडेला उष्णतेस अडविणारा पातळ थर निर्माण होतो व ऊर्जा अधिक काळ टिकून राहते. मात्र या थरात दाब तीव्रतेने बदलतो. दाबातील हा उतार व कडेचा विद्युत् प्रवाह प्रमाणाबाहेर वाढले की, थर ढळतो व साठलेल्या ऊर्जेपैकी काही टक्के ऊर्जा सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळात बाहेर फेकली जाते. दाब पुन्हा वाढतो व हे चक्र चालू राहते. लहान साधनांत हे आघात सोसतात. मोठ्या साधनात मात्र ३,४२२° से. ला वितळणाऱ्या टंगस्टनाचा पृष्ठभागही त्यांमुळे वितळू शकतो. म्हणजे ज्या थरामुळे ऊर्जा टिकते, तोच भित्तीस घातक ठरतो.

नियंत्रण : साधनातील वेटोळ्यांनी मुख्य क्षेत्राच्या सुमारे सहस्रांश वा त्याहून कमी तीव्रतेचे क्षेत्र लावून त्याची सममिती हेतुतः किंचित बिघडवितात. ज्या पृष्ठांवर बलरेषा पूर्णांकी फेऱ्यांनंतर स्वतःस येऊन मिळतात, तेथे अनुस्पंदन होऊन बलरेषांची रचना बदलते. त्यामुळे कण व उष्णता सतत थोडी थोडी पाझरतात आणि दाब धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढत नाही. धरणाच्या सांडव्याचे कार्यही असेच असते. अमेरिकेतील डी-३-डी या साधनात ही पद्धती २००३ मध्ये प्रथम यशस्वी झाली. नंतर दक्षिण कोरिया, चीन व जर्मनी येथेही तिचा प्रत्यय आला.

मर्यादा : बलरेषांचा पीळ व घनता विशिष्ट पल्ल्यांत असतानाच उद्रेक पूर्णपणे थांबतात. पाझरामुळे घनताही घटते. लावलेले क्षेत्र गाभ्यापर्यंत शिरल्यास आयनद्रायूचे परिभ्रमण थांबून तो संपूर्ण कोसळण्याचा धोका असतो. म्हणून क्षेत्राची तीव्रता व आकार काटेकोरपणे निवडावे लागतात.

फ्रान्समध्ये उभारण्यात येत असलेल्या आयटर या साधनात यासाठी २७ वेटोळी योजिली आहेत. भारत या प्रकल्पात २००५ पासून सहभागी असून त्याच्या प्रचंड शीतपात्राचे भाग मुंबईस मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने हजिरा (गुजरात) येथे बनविले. भारतातील ‘आदित्य’ हा तोकामाक गांधीनगर येथे १९८९ मध्ये कार्यान्वित झाला.