रोजा लागला, की शुगर उतरली?

असरची नमाज झाली की भुसावळच्या खडका रोडवर आणि जाम मोहल्ल्यात हातगाड्यांभोवती गर्दी वाढू लागते. कलिंगडाच्या फोडी, खजूर, रावेर-यावलची केळी, कढईतून निघणारी भजी आणि समोसे. याच सुमारास एखाद्या ओट्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी चाचा भिंतीला टेकून बसलेले दिसतात. कपाळावर घाम, हाताला कंप, बोलणे तुटक. शेजारी विचारतो, ‘‘क्या हुआ चाचा?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘कुछ नहीं, रोजा लग रहा है.’’

रोजा लागणे म्हणजे भूक-तहानेने जीव कासावीस होणे. निरोगी माणसाच्या बाबतीत हे उत्तर बहुधा खरे असते. पण चाचांना दहा वर्षांपासून मधुमेह असेल आणि पहाटे सहेरीला त्यांनी नेहमीची गोळी घेतली असेल, तर हीच लक्षणे रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेल्याचीही असू शकतात. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तो बोटावरच्या रक्ताच्या एका थेंबाने कळतो. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी रमजान आणि मधुमेह यांवर जे संशोधन केले, त्याचा बराचसा भाग या फरकाभोवतीच फिरतो.

या संशोधनाचा पाया 2001 मध्ये घातला गेला. ‘एपिडायर’ नावाच्या पाहणीत 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती गोळा झाली. टाइप-2 मधुमेहाच्या, म्हणजे साधारणपणे मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी सुमारे 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते. साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण या रुग्णांत इतर महिन्यांच्या तुलनेत साडेसात पट झाले होते. तरीही तो आकडा शंभर रुग्णांमागे महिन्याला तीनच्या आसपास होता. म्हणजे बहुतेकांचा महिना सुखरूप पार पडला, पण ज्यांचा पडला नाही त्यांच्या जिवावर बेतले. प्रश्न होता तो या मोजक्यांना आधीच कसे ओळखायचे.

उत्तराचा एक भाग औषधात सापडला. सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या, स्वस्त गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. सहेरीनंतर तेरा-चौदा तास काही खायचे नसेल तर इथेच घात होतो. सिटाग्लिप्टिनसारख्या नव्या गोळ्या मात्र साखर वाढलेली असतानाच इन्सुलिनला चालना देतात. भारत आणि मलेशियातल्या 870 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रमजानच्या काळात जुन्या गोळ्या घेणाऱ्या 7.3 टक्के रुग्णांची साखर उतरली, तर सिटाग्लिप्टिन घेणाऱ्यांत हे प्रमाण 3.8 टक्के होते. 2022 मध्ये या औषधाचे पेटंट संपल्यावर ते भारतात बरेच स्वस्तही झाले. मात्र गोळी बदलणे, तिची वेळ सहेरीवरून इफ्तारवर नेणे किंवा मात्रा कमी करणे हे काम डॉक्टरांचेच. शेजाऱ्याला चालली म्हणून तीच गोळी आपल्यालाही चालेल, असे नसते.

उत्तराचा दुसरा भाग औषधाहून साधा आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 111 मधुमेही होते. त्यांतल्या काहींना रमजानआधी बोलावून आहार, गोळ्यांच्या वेळा, साखर तपासणे आणि रोजा कधी सोडायचा हे समजावून सांगण्यात आले. इतरांना तसे मार्गदर्शन मिळाले नाही. ज्यांना समजावले त्यांच्यात साखर उतरण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. ज्यांना समजावले नाही त्यांच्यात ते 9 वरून 36 वर गेले. अभ्यास लहान होता, पण त्याचा धडा मोठा आहे. एक बैठक, थोडा वेळ आणि मनमोकळे बोलणे यांनी एवढा फरक पडला.

अडचण या बोलण्याचीच आहे. डॉक्टर रोजा ठेवू देणार नाहीत, या भीतीने अनेक जण त्यांना सांगतच नाहीत. काही जण महिनाभर गोळ्याच बंद करतात, काही जण सकाळची आणि रात्रीची गोळी इफ्तारनंतर एकदम घेतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने सहकारी संस्थेबरोबर 2016 मध्ये काढलेली आणि 2021 मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे ही कोंडी फोडू पाहतात. त्यांत सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ नाही. मधुमेह कोणत्या प्रकारचा, किती वर्षांचा, इन्सुलिन चालू आहे का, मूत्रपिंड कसे आहे, पूर्वी साखर कधी उतरली होती, अशा प्रश्नांना गुण आहेत. तीनपर्यंत गुण आले तर धोका कमी, सहाच्या वर गेले तर जास्त. ही तपासणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी, असे ही तत्त्वे सांगतात.

खान्देशात हा विषय थोड्या लोकांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. शुगर ही जाड, खात्यापित्या माणसाची व्याधी, हा समज पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने खोटा ठरवला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. सरासरी 2.7 किलोची ही बाळे इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा किडकिडीत होती, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. केळीच्या बागेत राबणारा सडपातळ मजूरही त्यातून सुटत नाही.

उपासही एकाच धर्माचे नाहीत. नवरात्राचे नऊ दिवस, चातुर्मासातली व्रते, पर्युषण, एकादशी. साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी काढणारी आजी आणि भजी-शरबतावर रोजा सोडणारे चाचा यांच्या शरीरात एकच खेळ चालतो. आधी साखर उतरते, मग एकदम चढते. त्यामुळे गोळ्यांविषयीचा प्रश्न उपासाआधी दोघांनीही विचारायला हवा. भुसावळच्या उन्हाची भर वेगळीच. 2018 मध्ये रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता. दरवर्षी तो साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो, ऊन मात्र आपल्या जागी असते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अंगातले पाणी कमी होणार नाही, हे विशेष पाहावे लागते.

आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत आणि ते कधीच शक्य नसेल तर गरिबाला जेवू घालून फिदिया द्यावा, असा मार्ग आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, हे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. जुम्याच्या खुतब्याआधीच्या बयानात मौलानांनी हे दोन वाक्यांत सांगितले, तर दवाखान्यातल्या तक्त्यापेक्षा ते लवकर पोहोचेल.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. ती उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

सगळ्यात अवघड असतात ती शेवटची वीस मिनिटे. दिवसभर धरलेला रोजा, समोर मांडलेले दस्तरखान, अजान आता होईल, एवढे तर काढूच. ओट्यावरचे चाचा हाच हिशेब करत असतात. अशा वेळी शेजाऱ्याने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, ‘रोजा लग रहा है’ या उत्तरावर पुढे निघून जाऊ नये. घरात साखर मोजायचे यंत्र आहे का, विचारावे. आकडा सत्तरच्या खाली असेल तर घड्याळ बाजूला ठेवावे आणि साखरेच्या पाण्याचा पेला चाचांच्या हातात द्यावा.