पक्षाघाताच्या संशोधनासाठी नव्या पिढीची घडण

पक्षाघात हा आजार आपल्याकडे लकवा, अर्धांगवायू या नावांनी घरोघरी परिचित आहे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटते, आणि हात, पाय, वाचा यांपैकी काहीतरी क्षणार्धात निकामी होते. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे, असा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी.

प्रस्तुत लेखात या आजाराच्या एका कमी परिचित बाजूचा विचार केला आहे. नवी खाट, नवे यंत्र, गरीब रुग्णाचे औषध यांसाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. मग तरुण डॉक्टर व शास्त्रज्ञ यांना संशोधनाचे शिक्षण देण्यावर वेळ आणि पैसा का खर्च करावा, असा प्रश्न देणगीदार विचारतात. तो रास्त आहे व त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आजचे उपचार कोठून आले?

गुठळी विरघळविणारे जे इंजेक्शन आज दिले जाते, त्याची उपयुक्तता १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांच्या चाचणीतून सिद्ध झाली. त्या वेळी मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली युरोपातील चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली.

नळीवाटे गुठळी बाहेर काढण्याच्या उपचाराची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१३ साली या विषयावरील तीन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि तिन्हींत लाभ दिसला नाही. उपचार निरुपयोगी ठरला, असे अनेकांना वाटले. परंतु त्या अभ्यासांतील सर्वच रुग्णांची मोठी वाहिनी खरोखर बंद आहे, याची खात्री आधी करून घेतलेली नव्हती. उपकरणेही बहुतांशी जुन्या पिढीची होती. नेदरलँड्समधील १६ रुग्णालयांनी वाहिनीचे चित्रण करून गुठळीची खात्री पटलेले ५०० रुग्ण घेतले आणि बहुतेकांसाठी नवी जाळीदार उपकरणे वापरली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत १९.१ टक्के, तर नव्या उपचारासह ३२.६ टक्के होते. प्रश्न नीट मांडला गेला नसता, तर हा उपचार कदाचित कायमचा मागे पडला असता. प्रश्न नीट मांडण्याची ही विद्या शिकवावी लागते.

प्रशिक्षणात काय शिकविले जाते?

एम.डी. व त्यानंतर मेंदूविकारशास्त्रातील डी.एम. पूर्ण केलेला डॉक्टर रोगनिदानात तरबेज असतो. संशोधनासाठी त्याला आणखी काही आत्मसात करावे लागते. पहिली गोष्ट मोजमापाची. रुग्ण बरा झाला, हे म्हणणे पुरेसे नाही. त्यासाठी शून्य ते सहा अशी एक श्रेणी जगभर वापरतात. शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी भिन्न श्रेणी दिल्या तर सारा अभ्यास डळमळतो. म्हणून या मोजमापाचा सराव करून घेऊन परीक्षा घेतली जाते.

दुसरी गोष्ट निःपक्षपातीपणाची. कोणाला नवा उपचार व कोणाला प्रचलित, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. परिणाम तपासणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातील आहे हे शक्यतो कळू देत नाहीत, कारण मनातील आशा नकळत मोजमापात उतरते.

तिसरी गोष्ट संमतीची. पक्षाघाताच्या रुग्णाला अनेकदा बोलता येत नाही, आणि निर्णयासाठी हाताशी काही मिनिटेच असतात. अशा वेळी घाबरलेल्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत अभ्यासाचे स्वरूप व धोके समजावून सांगणे, नकार दिल्यास उपचारांत काहीही उणे होणार नाही याची ग्वाही देणे, हे शिकावेच लागते. येथे घाई झाली तर चाचणी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती सदोषच ठरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ साली पक्षाघात-चाचण्यांसाठी रुग्णालयांचे देशव्यापी जाळे उभारले, तेव्हा प्रत्येक विभागीय केंद्राकडे चाचण्यांबरोबर तरुण संशोधकांना मार्गदर्शकाच्या हाताखाली तयार करण्याचे कामही सोपविले.

प्रयोगशाळा आणि रुग्णकक्ष

या क्षेत्रात केवळ डॉक्टर घडवून भागत नाही. मेंदूच्या पेशींना वाचवू पाहणाऱ्या प्रायोगिक उपचारांची मोजदाद २००६ साली झाली, तेव्हा त्यांची संख्या १,०२६ भरली. त्याच वर्षी अशा एका औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीने आशा निर्माण केली. २००७ साली तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ती फोल ठरली. प्रयोगशाळेतील उंदीर बहुधा तरुण व निरोगी असतो, आणि त्याला औषध लवकर मिळते. आपला रुग्ण वयस्क असतो, त्याला रक्तदाब व मधुमेह असतो, आणि तो रुग्णालयात पोहोचेपर्यंत काही तास उलटलेले असतात. शास्त्रज्ञाने रुग्णकक्ष पाहावा व डॉक्टरने प्रयोगशाळेत काही काळ काढावा, हा आग्रह या अनुभवातून दृढ झाला.

आपल्या भूमीतील प्रश्न

सर्व प्रश्नांची उत्तरे परदेशातून येत नाहीत. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील एका विभागात २००५ आणि २००६ या दोन वर्षांत पक्षाघाताची नोंदवही ठेवली. सुमारे १ लाख ५७ हजार लोकसंख्येत पहिल्याच झटक्याचे ४५६ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के २८ दिवसांत दगावले.

ग्रामीण भागाचे चित्र गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासाने पुढे आणले. अमेरिकेत मेंदूविकारशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. योगेश कालकोंडे यांनी सहकाऱ्यांसह ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातामुळे झाले होते. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा ही संख्या अधिक होती. यांतील बहुतेकांचा मृत्यू घरीच झाला होता. प्रशिक्षित डॉक्टर गावात बसला, म्हणून ही गोष्ट उजेडात आली.

आपल्या देशातील आणखी दोन चाचण्यांचा उल्लेख आवश्यक आहे. कुटुंबीयांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतल्यास रुग्ण अधिक सुधारेल काय, हे १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांमध्ये तपासले गेले. २०१७ सालचे उत्तर नकारार्थी होते: सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. त्यानंतर भारतीय पक्षाघात-चाचणी जाळ्यातील ३१ केंद्रांनी ४,२९८ रुग्णांमध्ये १२ भाषांतील पुस्तिका, चित्रफिती व मोबाइल संदेश यांचा उपयोग पारखला. औषधे नियमित घेणे, धूम्रपान व मद्यपान सोडणे यांत सुधारणा दिसली; परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एका वर्षात पुन्हा होणारे झटके व मृत्यू कमी झाले नाहीत.

ही मेहनत वाया गेली काय? तसे आम्ही मानत नाही. घरचा व्यायाम अपुरा पडला तो आपल्या प्रेमात उणीव होती म्हणून, असा सल जिच्या मनात असेल त्या सुनेला किंवा मुलीला पहिल्या चाचणीचे उत्तर दिलासा देणारे आहे. मर्यादित निधी कोठे वळवू नये, हेही यातून कळले. शिवाय या चाचण्यांत काम करताना देशभरातील अनेक तरुण डॉक्टर, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ संशोधनाची शिस्त शिकले.

आपले साहाय्य

अशा शिक्षणासाठी भव्य इमारत लागत नाही. तरुण डॉक्टरला रुग्णसेवेतून राखून ठेवलेला वेळ, त्या काळातील विद्यावेतन, अनुभवी मार्गदर्शक, संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य आणि घरी गेलेल्या रुग्णांची नियमित विचारपूस करणारा समन्वयक, एवढे लागते. यांपैकी कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती आहे. एखाद्या अभ्यासाविषयी विचारणा झाल्यास मनातील सर्व शंका निःसंकोच विचाराव्यात. उत्तरे मिळणे हा आपला हक्क आहे, आणि नकार देणे हाही. ज्यांनी आजवर अशा अभ्यासांना होकार दिला, त्यांचे ऋण प्रत्येक नव्या रुग्णावर आहे. विश्वस्त व देणगीदार यांनी या कामाकडे रुग्णसेवेचाच एक भाग म्हणून पाहावे, ही नम्र प्रार्थना.